मुक्या बॅण्डची चित्रकथा

खडेबाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आप्पा पेंटरांच्या हातच्या. मराठी, कन्नड, इंग्रजी, म्हणाल त्या लिपीत असं अक्षर काढत की गिऱ्हाईक आत जायचं विसरून पाटीच बघत राही. अशा माणसाने एक अख्खी चित्रकथा काढली आणि तीत एक अक्षर लिहिलं नाही. पात्रांच्या तोंडापुढचे बोलण्याचे फुगे सगळे कोरे!

नायक होता त्यांच्या मुलाचा, अशोकचा बॅण्ड. कॅम्प भागातली तीन पोरं आणि हा, चौघेही केसाळ, आप्पांच्या दुकानावरच्या माळ्यावर वाजवत बसत. एकेक गाणं अर्धा तास. मध्येच ताल बदले, मध्येच सगळं शांत होई. सुटलो म्हणून मी शेजारच्या माझ्या वह्यांच्या दुकानात हुश्श करावं, तर गाणं पुन्हा सुरू! एकदा आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्ये गाणं हाय का पिठाची गिरणी रं?" अशोकने गिटार उचलली आणि बॅण्डसकट बंगळूर गाठलं. घरी बोलणं बंद. गल्ली निवांत झाली, आप्पा सोडून.

पुढे बॅण्डची कॅसेट निघणार असं कानावर आलं, तसे आप्पा कामाला लागले. कॅसेटबरोबर वाटायची चित्रकथा! चौघे चंद्रावर जाऊन वाजवतात आणि प्रत्येक चित्रात मागे एक टोपीवाला म्हातारा त्यांचा स्पीकर वाहतो. छापखानेवाला मजकूर मागून थकला. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "वाळू दे की आधी." पाटी असो नाहीतर भांडण, त्यांचं औषध एकच.

कॅसेट निघालीच नाही, बॅण्डही मोडला. मी वैतागून म्हटलं, "आता तरी लिहा की, तीन भाषा येतात तुम्हाला!"

"भाषा येत्यात रं," ते ब्रश धूत म्हणाले. "पोरगं काय बोललं असतं, त्ये कुठं ठावं हाय मला?"



गणपतीत अशोक आला, केस कापून. दुकानात उभ्या उभ्याच त्याने चित्रकथा शेवटपर्यंत बघितली. आप्पा उगाच रंगाचा डबा ढवळत होते. मग अशोकने ब्रश घेतला आणि गिटारवाल्याच्या फुग्यात गिचमिड अक्षरात लिहिलं, "आप्पा, स्पीकर ठेवा खाली. लई दमलासा."

मला वाटलं, आता आप्पा म्हणणार, वाळू दे. पण आप्पांनी तोच ओला ब्रश ओढून घेतला आणि म्हाताऱ्याच्या फुग्यात घाईघाईने लिहिलं, "तू जेवलास का रं?" लिहिताना तळवा टेकला, अशोकची अक्षरं फिसकटली. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मी हुश्श केलं. संध्याकाळी माळ्यावर गिटार पुन्हा सुरू झाली, तरीसुद्धा हुश्शच केलं.