तीन शिट्ट्यांची खिचडी

"खिचडीला काय डोकं लागतंय हो? तांदूळ, डाळ, पाणी अन् तीन शिट्ट्या. झालं! बायका उगाच भाव खातात."

जवळा बाजारचे चाँद पाशा टेलर हे वाक्य गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता म्हणत. गिऱ्हाईक हलू शकत नसे, त्यामुळे विरोध होत नसे. "सूतभर कापड वाया जाऊ देत न्हाई मी. मला पाण्याचं माप घेता येणार न्हाई का?" हा पुढचा सवाल. प्रत्यक्षात त्यांनी आजवर गॅसवर चहासुद्धा ठेवला नव्हता.

त्या दिवशी त्यांची बायको खुर्शीदबी धाकट्या लेकीला, अफशीनला घेऊन कळमनुरीला बहिणीकडे कार्यक्रमाला गेलेली. दुकानाच्या मागंच घर. पाशा निवांत काज करत बसले होते, तेवढ्यात समधीसाबांचा फोन आला. समधी म्हणजे थोरल्या लेकीचे, आफिफाचे सासरे.

"पाशाभाई, वारंगा फाट्यावर चहा घेऊन राहिलो. परभणीला चाललो. दुपारचं जेवण तुमच्याकडंच! तामझाम काही नको. आफिफा नेहमी सांगते ना, ती तुमच्या घरची खिचडी अन् खट्टा!"

लगेच आफिफाचा फोन. "अब्बा, हॉटेलातलं आणू नका हां! सासूबाई पहिल्यांदाच आपल्या घरी जेवायला येऊन राहिल्या. त्यांना सहजी कुणाचं जेवण पसंत पडत न्हाई. मी इथं अम्मीच्या खिचडीचं लई कौतुक केलंय. माझी इज्जत तुमच्या हातात!"

"बेटा, काळजीच करू नको. मी हाये ना!" पाशा म्हणाले. अम्मी घरात नाही, हे सांगायचं त्यांनी टाळलं.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी खुर्शीदबीला फोन लावला. तिकडं कार्यक्रमाचा लाऊडस्पीकर चालू.

"खिचडीला पाणी किती?"

"पाणी? सकाळीच टाकी भरलीय, अजी!"

"टाकी न्हाई! बरं, शिट्ट्या किती?"

"काय?"

"शिट्ट्या! शिट्ट्या किती देऊ?"

"मिठ्या? ह्या वयात? अजी, लोकं बसलीत इथं! शरम करा थोडी!" फोन कट!

लाल झालेले कान चोळत पाशा कामाला लागले. तांदूळ धुतले, मसूर धुतली, हळद-मीठ टाकलं, अंदाजानं पाणी ओतलं, कुकरचं झाकण लावलं, गॅस पेटवला. मग खट्ट्यासाठी भिजवलेली चिंच अन् कांदे घेऊन ते बाहेर ओट्यावर बसले. खट्टा शिजवायचा नसतो, चिंचेच्या कोळात कांदा, मिरची, भाजलेल्या तिळाचा कूट कालवला की झाला. तो मात्र फक्कड जमला!

आत शिट्टी झाली. एक. मग दुसरी. मग तिसरी. पाशा उठले, गॅस बंद केला, झाकण काढलं. तांदूळ छर्ऱ्यासारखा टणक!

"पाणी कमी पडलं," त्यांनी निदान केलं. तांब्याभर पाणी ओतून पुन्हा कुकर चढवला. पुन्हा तीन शिट्ट्या. झाकण काढलं. तांदूळ अजून दातांशी भांडणारा! आणखी एक तांब्या. ह्या खेपेला मात्र ते कुकरसमोर दुश्मनावर नजर ठेवावी तसे उभे राहिले. शिट्टी झाली, पण कुकर जागचा हललासुद्धा नाही! नुसती कडेनं वाफ सोडत गप बसला होता.

पाशा घाबरून शेजारच्या पद्माबाईंकडे धावले. दोघांच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. "वहिनी, आमचा कुकर तोंड मिटून शिट्टी मारून राहिला!"

पद्माबाईंनी येऊन बघितलं अन् कपाळाला हात लावला. "पाशाभाई, शिट्ट्या आमच्या कुकरच्या हायेत! मी तुरीची डाळ लावलीय. तुमच्या झाकणाची रिंग कुठंय?"

रिंग खिळ्याला टांगलेली होती. पद्माबाईंनी ती बसवली, "आता तीन झाल्या की बंद करा," असं बजावलं अन् त्या गेल्या. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

पाशांनी पाहुण्यांना बसवलं, सरबत दिलं. समधन, म्हणजे आफिफाच्या सासूबाई, ताठ बसल्या होत्या. नजर भिंतीवरून, पडद्यावरून फिरून यायची. आतून शिट्टी झाली. पाशा आता शहाणे झाले होते. "शेजारची हाये," ते शांतपणे म्हणाले.

तीन झाल्या. सहा झाल्या. समधीसाब म्हणाले, "शेजारी लगीन हाये का हो?"

"न्हाई, डाळ हाये. त्यांचं असंच असतंय!"

मग शिट्ट्या थांबल्या अन् करपल्याचा वास आला. पाशांनी हळहळून मान हलवली. "करपवली वाटतं वहिनींनी! बिचारीला ध्यान राहत न्हाई."

अन् दारात पद्माबाईच उभ्या! "अहो पाशाभाई, काहून बसलात? घर जाळता का आता?"

सगळे आत धावले. गॅस बंद करून, वाफ जिरल्यावर पद्माबाईंनी झाकण काढलं. वरून लापशी, खालून डांबर!

पाशांना आफिफाचा चेहरा दिसला. खांद्यावरचा टेप त्यांनी उगाच गुंडाळला अन् समधनकडे न बघता बोलले, "आफिफाची अम्मी कळमनुरीला गेलीय. ही मी केली. पोरीला बोल लावू नका."

समधन कुकरकडे बघत राहिल्या. "तुमी केली? स्वतः?"

"व्हय."

"पोरीसाठी?"

पाशांनी मान डोलावली.

समधन हळूच नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं का? हे शिलाईचं काम टाकून चुलीपाशी उभे राहिले. तुमी कधी पाण्याचा गिलास तरी उचलला का?"

समधीसाबांना एकदम खोकला आला.

पद्माबाईंनी भाकरी अन् डाळ आणली. वरची खिचडी अलगद काढून घेतली. समधननी खट्टा दोनदा मागून घेतला अन् जाताना म्हणाल्या, "भाईसाब, आफिफा कुणाच्या वळणावर गेली ते कळलं." चांगलं म्हणाल्या की वाईट, हे पाशांना रात्री आफिफाचा हसण्यानं भरलेला फोन आल्यावर उमजलं.

चार दिवसांनी पाशा जेवायला बसले होते. समधीसाबांचा फोन आला. आवाज कुजबुजता.

"पाशाभाई, काय करून ठेवलं हे? घरात रोज तुमचंच नाव! काल मला कणीक मळायला लावली. आतिफ, तुमचा जावई, लसूण सोलून राहिला. आज माझ्यापुढं वांगी ठेवलीत. तुमी जाणकार माणूस, सांगा बराबर, वांगी शिजली हे कसं कळतंय?"

जाणकार! पाशा ताठ झाले, घसा खाकरला. "समधीसाब, वांग्याचं कसं असतंय..."

समोर खुर्शीदबी भाजी वाढता वाढता थांबून बघत होती.

"घे," पाशांनी फोन तिच्या हातात कोंबला, "तुझ्याशी बोलायचं म्हणतात!"