आबांची निळी डबी

मावळातल्या इतर आबांच्या खिशात तंबाखूची पुडी असते. आमच्या नामदेव आबांच्या खिशात ऑइल पेंटची डबी असते. निळी. त्यांच्या धोतरावर, कानावर, एकदा तर मिशीवरही मी निळा डाग पाहिला आहे.

माझं सोमाटण्यात फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आबांचा मुलगा संतोष सैन्यात होता. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीवाल्या शांतिसेनेतून आफ्रिकेत, सुदानला गेला आणि पाण्याच्या टँकरसोबत जाताना झालेल्या हल्ल्यात मारला गेला. त्याच्या स्मृतिदिनाचा फ्लेक्स गावातली पोरं माझ्याकडूनच छापून घेतात. ‘सीमेवर लढताना’ वगैरे मजकूर, मागे बर्फाचे डोंगर, एक रणगाडा, आणि खाली पंधरा नेते, प्रत्येक जण संतोषपेक्षा मोठा. मी छापते. गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं, हा धंदा आहे.

फ्लेक्स कमानीवर चढला की तासाभरात आबा शिडी घेऊन हजर.

“दुरुस्ती हाय!”

संतोषच्या हिरव्या टोपीवर निळा रंग. मग रणगाड्याची तोफ निळ्या रंगात गडप. उरलेला रणगाडा खरंच टँकरसारखा दिसतो, हे मान्य करायला हवं.

“आणि बर्फ, आबा?”

“बर्फाला माती कलर लागंल. त्यो नाय मिळाला.”

गेल्या वर्षी शिडी हलली आणि ब्रश एका नेत्याच्या टोपीवरून फिरला. साहेबांचे पक्ष बदलण्याचेच दिवस होते, त्यामुळे दोन दिवस कुणाला शंकाही आली नाही.

एका लग्नात निवेदकाने माइकवरून त्यांची ओळख ‘सीमेवरच्या वीराचे पिताश्री’ अशी करून दिली. आबांनी भर मंगलाष्टकांत माइक ओढला. “दुरुस्ती हाय! सीमेवर न्हाई, सुदानात!” नवरा-नवरी हार धरून ताटकळले.

यंदा ते दुकानात टेकले तेव्हा मी वैतागून म्हटलं, “आबा, दरसाल शिडीवर चढून हातपाय मोडून घ्याल. हे सीमेचं खूळ गावाच्या डोक्यात घातलं तरी कुणी?”

आबा डबीचं झाकण लावत-उघडत राहिले.

“म्याच.”

मी माऊस सोडला.

“संतोष फोनवर सांगायचा, ‘आबा, हितं निळी टोपी दिसली की बाया हंडे घिऊन पळत येत्यात.’ लय खूश असायचा. मला लाज वाटायची, ताई. ल्योक मिल्ट्रीत, आन परक्या मुलखात पानी वाटतोय! गावाला सांगितलं, सीमेवर हाय. त्येलाबी म्हनलो, सुट्टीला येशील तवा सुदानाचं नाव काढू नगंस.”

“मग? काय म्हणाला?”

“बरं म्हनला.”

सुट्टी त्याला मिळालीच नाही, हे गावाला माहीत आहे.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. रणगाडा काढला, टँकर टाकला. बर्फाच्या जागी लाल माती पसरली. ‘सीमेवर’ पुसून ‘सुदानमध्ये’ लिहिलं. टोपी निळी केली. दोनदा, कारण पहिला निळा त्यांना पटला नाही. आबा स्क्रीनला नाक लावून बघत होते.

“दुरुस्ती हाय.”

“आता काय राहिलं?”

“बाया. हंडेवाल्या.”

जागा नव्हती. मी खालची नेत्यांची रांग काढून टाकली.