तायडेकाकांचा तराजू

आमचे शेजारी तायडेकाका लग्नाला जाताना खिशात सोनाराचा छोटा तराजू घेऊन जातात. पंगतीत शेजारी नात बसते. तिचा भात त्यात तोलला जातो आणि वरणाची बादली दिसली, की काका तिच्या ताटावर दोन्ही हात धरतात. "मोजून द्या, मायेनं देऊ नका!" हे त्यांचं ब्रीद. त्यापायी निम्म्या अकोल्यातले सोयरे दुखावले आहेत.

गंमत म्हणजे काकांचा उभा जन्म डाळमिलमध्ये गेला. मूठभर तूर हुंगून ती बाळापूरची की बडनेऱ्याकडची, हे ते सांगत. आणि त्यांच्याच नातीला, पिंकीला, जन्मजात विकार निघाला! प्रथिनातला एक घटक तिच्या शरीराला जिरवता येत नाही. तो साचून मेंदूला बाधतो. औषध म्हणजे आहारच. डाळ, दूध, दाणे बंद. मोजका भात, बटाटा, साबुदाणा, फळं आणि डब्यातली खास पावडर, जिला काकांच्या मते ओल्या बारदान्याचा वास येतो. डॉक्टर म्हणाले, जन्मभर पाळा, रक्त तपासत राहा, पोर हुशार निघेल.

पिंकी लहान असतानाच्या त्या वर्षांत कापसानं आणि तुरीनं मान टाकली होती. मिल आठवड्यातून तीनच दिवस चाले. सगळे बाजारभावाची काळजी करत, काका पिंकीच्या ताटातल्या ग्रॅमची.

एका लग्नात कुणा मावशीनं "एवढ्याशानं काय होते?" म्हणत पिंकीच्या भातावर पळीभर वरण ओतलंच. काका ताट उचलून तडक मांडवाबाहेर गेले. मानपान चुकला समजून वधूपिता हात जोडत मागे धावला.

पिंकीला मोह नको म्हणून काकांच्या घरी वरण शिजणंच बंद झालं. मुलगा-सून भाजीवर भागवतात. काका मात्र दर रविवारी माझ्याकडे येतात. "मास्तर, दार लावा." दोन वाट्या वरण भुरकून खळखळून चुळा भरतात. गल्लीला वाटतं, आमची पिण्याची बैठक चालते.

गेल्या रविवारी दार वाजलं. उघडलं तर सात वर्षांची पिंकी. काकांच्या मिशीला वरण लागलेलं.

"आबा, लपून कावून खाता? मले मालूम हाय."

काकांनी वाटी मागे सरकवली.

"घरीच खात जा ना. आईले बी आवडते. मी नाही मागत."

काकांच्या डोळ्यांना धार लागली. पिंकीनं वाटी पुन्हा त्यांच्यापुढे ओढली.

"खा ना आबा, थंडं होऊन राह्यलं."