संपतकाकांचे निजलेले सेल

मी अमरावतीला कॉलेजात जायला लागलो तेव्हा वलगावच्या आमच्या घरात पुरुषाच्या चपलांचा जोड एकच होता. तो मला मिळाला. बाबा दोन वर्षं अनवाणी मजुरीला गेले. अशा घरात रेडिओ कुठला? तो होता शेजारी, बाबांच्या चुलतभावाकडे, संपतकाकांकडे. आणि बहुतेक वेळ बंद असे.

कारण संपतकाका सेल निजवत.

ट्रान्झिस्टरातले चारही सेल काढायचे, प्रत्येकाला धोतराच्या वेगळ्या चिंधीत गुंडाळायचं आणि पिशवीच्या चार कोपऱ्यांत ठेवायचं. "डब्यात एकाजाग ठेवले का थे आपसात बोलत रायतात," काका सांगत, "अन् बोलनं म्हनजे खर्च." उन्हाळ्यात कुरडयांच्या बाजूला सेलही उन्हात पडलेले दिसत.

गाणं ऐकायची रीतही त्यांची स्वतःची, रेडिओ कानाला चिकटवून. गाणारा थांबला, नुसती वाद्यं सुरू झाली, की खट्कन बटण बंद. मनात आकडे मोजून पुन्हा सुरू. अंदाज चुकला की गाणं संपून बाजारभाव लागलेले असत. "पेटीतबल्यावर सेल कोन जाळन? शब्द तेवढे घ्याचे!" तानेवर तर विशेष राग. "थो एक आऽऽ म्हनजे अर्ध्या बातम्या गेल्या!"

मी शिकलेला माणूस. कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, मोठ्या आवाजाला सेल जास्त लागतो, तुझे काका अगदीच चूक नाहीत. हे मी काकांना कधीच सांगितलं नाही.

बी.ए. झालो त्या वर्षी गावातल्या वाचनालयावरचं माझं आठ मिनिटांचं भाषण नागपूर रेडिओसाठी ध्वनिमुद्रित झालं. ते लागणार होतं नेमकं त्या संध्याकाळी, जेव्हा माय, काका आणि मी लग्नासाठी अकोल्याच्या बसमध्ये असणार होतो. बाबा आधीच पुढे गेले होते. भाषण पुन्हा लागणार नव्हतं.

"माह्या पोराचा आवाज त्या डब्यातून निंगताना मले आयकाचा हाये," मायनं बजावलं.

"काका, राजापेठेत नवे सेल घेऊन टाकू," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो.

"काहून बे? मी मेलो का?"

बडनेरा गेलं. एका प्रवाशानं काकांच्या मांडीवरच्या रेडिओच्या डब्याकडे बोट दाखवलं, "बुवा, लावा ना गानं!"

"सेल निजले हायेत."

"मंग अंगाई तरी म्हना!" सगळी बस हसली. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

मूर्तिजापूर सुटल्यावर त्यांनी चिंध्या सोडल्या, सेल बसवले, बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. खरखरसुद्धा नाही. मायचा चेहरा उतरला.

"झोपेतच गेले वाटते!" मागून कोणीतरी म्हणालं.

शेवटी कंडक्टरनं डबा घेतला, मागचं झाकण उघडलं आणि मान हलवली. "काका, याक सेल उलटा निजवला तुमी. उशाकडं पाय केले त्याचे!"

सेल फिरवला. डबा खरखरला आणि त्यातून निवेदिकेनं माझं नाव घेतलं, आडनावासकट.

काकांनी मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि डबा मायच्या मांडीवर ठेवला. सगळी बस कान देऊन ऐकू लागली. स्वतः मात्र ते डब्याकडे वाकलेसुद्धा नाहीत. आठही मिनिटं मायच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

भाषण संपलं. काकांनी विचारलं, "वहिनी, नीट बोलला का आपला पोरगा?"

"म्हंजे तुमी आयकलं नाई?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"मले कुठचं आयकू येते, बाप्पा! चोवीस वर्सं कापसाच्या जिनात मशिनीपाशी उभा रायलो. घरी कानाले चिकटवला तर याखादा शब्द सापडते. या गाडीत काय सापडन? वहिनी हासल्या, थे दिसलं ना. झालं."

माय डोळे पुसत म्हणाली, "लय चांगला बोलला, भाऊजी." मी ते त्यांच्या कानात पोचवलं.

काका सुटल्यासारखे मागे टेकले. आमच्या घरातला पहिला बी.ए. त्या दिवशी रेडिओवर बोलला, आणि त्याच्या मायनं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.