भिंगारदिव्यांचे स्टूल

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली आणि दारात बगलेत घडीचे स्टूल धरून एक गृहस्थ उभे असले, की आमच्या इमारतीत काही विचारावे लागत नसे. उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे आणि भिंगारदिवे आपल्या चुका गोळा करायला निघाले आहेत, हे सगळ्यांना कळत असे.

मला मात्र पहिल्या वेळी ते ठाऊक नव्हते. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते आणि आम्ही वाशीतल्या या इमारतीत नवे होतो. खोकी अजून सुटायची होती. दार मी उघडले. समोर उंच, सडपातळ, शर्टाचे गळ्याचे बटणही लावलेला माणूस.

"मी शांतवन भिंगारदिवे. शेजारचाच. सोसायटीचा सेक्रेटरी. उद्या आमच्याकडे प्रभुभोजन आहे. माझं काही चुकलं असेल तर सांगा."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. चूक नाकारणारी माणसे, चुकीचा खुलासा पाठवणारी माणसे, चूक दुसऱ्याच्या नावावर टाकणारी माणसे हा रोजचा मजकूर होता. चूक मागायला घरी आलेला माणूस पहिलाच. मी सोफ्याकडे हात केला. त्यांनी मान हलवली, स्टूल उघडले आणि आमच्या हॉलच्या मधोमध बसले. स्टूल इतके बुटके होते की त्यांचे गुडघे छातीला लागत.

"सोफ्यावर बसलो तर मी पाहुणा झालो," ते म्हणाले. "पाहुण्याला कोणी खरं सांगत नाही."

माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो काका, आम्हाला येऊन आठवडा नाही झाला. तुमचं काय चुकणार? चहा घ्या."

"चहा नको. बारीकसारीक तरी?"

"काहीच नाही हो."

त्यांनी स्टूल मिटले. चेहरा असा, की जणू आम्ही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवत होतो.

भिंगारदिवे मूळचे नगर जिल्ह्यातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. वाशीत त्यांच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. रविवारची उपासना एका शाळेच्या सभागृहात होई. पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस. त्या मेजापाशी जाण्याआधी ज्याचे मन आपण दुखावले त्याच्याशी समेट करावा, अशी त्यांच्याकडची शिकवण. बाकीचे लोक हे डोळे मिटून, मनातल्या मनात उरकत. भिंगारदिव्यांना ते पटत नसे.

"मन काय, आपलंच," ते म्हणत. "ते आपल्याच बाजूनं बोलणार."

त्यांच्या पाळकसाहेबांनी एकदा समजावले, "दादा, लोकांना अवघड होतं. इतकं नको." भिंगारदिवे म्हणाले, "लई बरोबर!" आणि पुढच्या शनिवारी स्टूल घेऊन पाळकसाहेबांच्याच दारात उभे राहिले.

"लई बरोबर! आणखी?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यात उपरोध नसे, हेच धक्कादायक होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात हा माणूस निवृत्तीपर्यंत तपासनीस होता. दुसऱ्यांच्या मालात खोट काढणे हाच व्यवसाय. निवृत्तीनंतर त्यांनी तपासणीचे टेबल स्वतःकडे फिरवले होते.

दुसऱ्या महिन्यात माझ्या पत्नीने धीर केला. "काका, रागावू नका. तुम्ही पहाटे गीतं म्हणता ना, भिंत एकच आहे. आणि सूर जरा..."

"जरा?"

"बराच लागत नाही."

"लई बरोबर! आणखी?"

दुसऱ्या पहाटे गीत सुरू झाले, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखे. मी चौकशी केली. ते तोंडावर उशी धरून गात होते.

सोसायटीच्या कारभारात या स्वभावाचे परिणाम उघड्यावर दिसत. फाटक हिरवे रंगवले तेव्हा काहींनी नाक मुरडले. भिंगारदिव्यांनी ते तपकिरी केले. मग हिरव्याच्या बाजूचे लोक बोलले. शेवटी एक झडप हिरवी आणि एक तपकिरी राहिली. सर्वसाधारण सभेत अध्यक्ष सबनीस उभे राहिले. आवाजाने पंखा थांबेल असे वाटत होते.

"भिंगारदिवे, तुम्हाला अक्कल आहे का? सर्कस आहे का ही? रिक्षावाले विचारतात, कुठल्या बाजूनं आत जायचं!"

सभेतले पुढचे दृश्य मी स्वतः पाहिले. भिंगारदिवे आपल्या जागेवरून उठले, खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले, सबनिसांच्या अगदी समोर स्टूल उघडून बसले आणि मान वर करून म्हणाले, "लई बरोबर! आणखी?"

सबनीस आणखी बोलले. मग आणखी. मग त्यांचे शब्द संपले. समोरचा माणूस अजून मान वर करून वाट पाहत होता. सबनीस घामाने डबडबले, पाणी प्याले आणि सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी ते माफी मागायला गेले तेव्हा भिंगारदिवे गोंधळले. "माफी कशाची? प्रभूनं तुम्हाला माझ्यासाठी नेमलं होतं. रिक्षावाल्याचा मुद्दा तर मला सुचलाच नव्हता."

काही लोकांनी याचा सोयीस्कर उपयोग केला. सबनीसबाई शनिवारची तयारी करून ठेवू लागल्या. ओला टॉवेल पलंगावर टाकणे, जेवताना पेपर वाचणे, माहेरची माणसे आली की तोंड वाकडे करणे, अशी सगळी टीका त्या भिंगारदिव्यांवर करत. विधुर आणि एकट्या माणसावर. त्यातला बहुतेक ऐवज सबनिसांचा होता हे इमारतीला ठाऊक होते. भिंगारदिवे सबनिसांच्या वतीनेही "लई बरोबर" म्हणत.

हे असेच चालले असते. घरतबाईंनी ते थांबवले.

घरतबाई करावे गावच्या. सासऱ्यांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहिलेले, दुकाने भाड्याने दिलेली, हातात कोपरापर्यंत सोने आणि बोलण्यात आडपडदा नाही. आमच्या मजल्यावर फोन फक्त त्यांच्याकडे. त्या शनिवारी मी कार्यालयाला फोन लावायला तिथे गेलो होतो. भिंगारदिवे आले, स्टूल उघडून बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. घरतबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काका, सगल्यांचे दारान जाताव तुमी. तुमची पोर जासईला हाय. तिचे दारान कवा गेलाव?"

मी फोन हातात धरून उभा राहिलो. भिंगारदिव्यांना मुलगी आहे हे मला माहीत नव्हते.

"माजं माहेर जासई," बाई पुढे म्हणाल्या. "तिचा नवरा कंटेनर यार्डान कामाला हाय. आमचे भावाचे चालीन खोली घेऊन र्‍हाते. मानसं इचारतान, बाप हाय का नाय हिला? आनखी सांगू?"

"नको," भिंगारदिवे म्हणाले.

टीका ऐकताना हा शब्द त्यांच्या तोंडून इमारतीत कुणी ऐकला नव्हता. ते उठले. स्टूल मिटताना त्यांचे बोट सांध्यात सापडले, तरी ते तसेच ओढत बाहेर गेले. घरतबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"जास्त बोल्ले का मी?" त्यांनी मला विचारले. मी फोन न लावताच जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. सकाळी दूध घेऊन वर येताना मला भिंगारदिवे जिन्यात बसलेले दिसले. पांढरे कपडे, कडक इस्त्री, मांडीवर पवित्र शास्त्र. उपासनेची वेळ होऊन गेली होती.

"गेला नाहीत?"

"मेजाजवळ जाता येत नाही," ते म्हणाले. मग न विचारता बोलू लागले. त्यांचे बोलणे मी संक्षेपाने देतो.

हे स्टूल त्यांच्या पत्नीच्या काळचे. दर पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ती पलंगावर बसे, ते स्टुलावर बसत आणि विचारत, माझे काय चुकले? ती सांगे. ते "लई बरोबर" म्हणत. दोघे हसत. मंडळीत या जोडप्याचे कौतुक होते. मग ती आजारी पडली. आजार कळला तेव्हा उपचारांची वेळ निघून गेली होती. तिला पुरून आल्यावर, घर माणसांनी भरलेले असताना, मुलगी करुणा उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पप्पा, तुम्ही दर महिन्याला तिला विचारलंत, माझं काय चुकलं. माझं, माझं, माझं. एकदा तरी विचारलंत, तुला काय होतंय? तिच्या पोटात वर्षभर दुखत होतं."

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

"पुढं आणखी काहीतरी सांगणार होती. मी म्हटलं, बाहेर हो. सगळ्यांसमोर. ती गेली." त्यांनी दुखऱ्या बोटाकडे पाहिले. "तेवढं एकच मी पुरतं ऐकलं नाही. म्हणून मग बाकीच्या सगळ्यांचं ऐकत फिरलो. तुमच्या मिसेसचं, सबनिसांचं. ते सोपं होतं हो. सुरावरून बोललेलं काय लागतं?"

माझ्या हातातली दुधाची पिशवी गळत होती. ते मला नंतर कळले.

पुढच्या महिन्यातल्या त्या शनिवारी बेल वाजली नाही. इमारत अस्वस्थ झाली. सबनीसबाई दोनदा जिन्यात येऊन गेल्या. "आजारी आहेत का हो? माझं बरंच साठलंय," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी भिंगारदिवे मला वाशीच्या बसथांब्यावर भेटले. बगलेत स्टूल. जासईवरून जाणारी उरणची बस यायची होती. ते घाबरलेले होते, हे लपत नव्हते.

"तिनं दारच उघडलं नाही तर?"

"दाराबाहेर बसा. स्टूल आहेच."

"हां," ते म्हणाले. स्टूल दुसऱ्या बगलेत घेऊन म्हणाले, "लई बरोबर म्हणायचं नाही, एवढं ठरवलंय. आणि आधी तिला विचारायचं, तू कशी आहेस. माझं नंतर."

बस आली. गर्दीत स्टुलाचा पाय एका बाईंच्या पदरात अडकला आणि त्यांनी भिंगारदिव्यांना चांगले फैलावर घेतले. ते ऐकत ऐकत आत गेले.

ते शनिवारी रात्री परतले नाहीत. रविवारी दुपारी घरतबाईंनी जासईला भावाकडे फोन लावून पाहिला. तो लागला नाही. संध्याकाळी फाटकाची तपकिरी झडप वाजली. सबनीस, सबनीसबाई, घरतबाई आणि आम्ही दोघे खाली होतो. काही कारण नसताना सगळेच खाली होतो.

भिंगारदिवे आत आले. शर्ट चुरगळलेला, गळ्याचे बटण उघडे, डोळे सुजलेले. हात रिकामे.

"काका, स्टूल कुठंय?" माझ्या पत्नीने विचारले.

"तिनं ठेवून घेतलं," ते म्हणाले. "म्हणाली, पुढच्या शनिवारी या. अजून माझं संपलेलं नाही."