तारीखअप्पांचं कोरं पान

तारीखअप्पांना नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नसत. त्या तारखेला जगात काय घडलं होतं, ते सांगत. सकाळी कचेरीच्या पायऱ्या चढताना मी हात जोडावेत, आणि त्यांनी डोक्यावरचा पटका सावरत म्हणावं, "आज एका बादशाला कैद झालती, कुलकर्णी. जपून ऱ्हावा."

कुठला बादशहा, कुठली कैद, हे मी कधी विचारलं नाही. ते रोज सांगत होते आणि मी रोज हसून पुढे जात होतो. त्यांनी सांगितलेल्या शेकडो नावांतलं एकही आज मला धड आठवत नाही. याची आता लाज वाटते, पण ही त्यातली लहान लाज आहे. मोठी पुढे येईल.

त्यांचं खरं नाव चन्नवीरप्पा बिराजदार. मूळचे अक्कलकोटकडचे, लिंगायत. मनातल्या मनात कानडी, आमच्याशी मराठी आणि साहेबाशी अगदीच नाइलाज झाला तर इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. सोलापुरातल्या आमच्या कचेरीत ते रेकॉर्डकीपर होते. लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या दप्तरांची एक खोली होती, तिथे वाळवी, उंदीर आणि अप्पा असे तिघे राहत. एकोणीसशे एकतीस-बत्तीसच्या सुमाराला मी तिथे नवा कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा अप्पा पन्नाशी ओलांडलेले होते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, जेवण खाणावळीत.

दप्तरखान्याबाहेरच्या व्हरांड्यात एक काळा फळा होता. अप्पा साडेदहाला येत, फळा ओल्या फडक्याने पुसत आणि वर ठळक अक्षरात तारीख घालून खाली तीन-चार ओळी लिहीत. अमुक लढाई आज झाली, तमुक शास्त्रज्ञ आज जन्मला, विलायतेतली कुठली तरी राणी आज गादीवर बसली. बोलताना गावरान बोलणारे अप्पा फळ्यावर मात्र शास्त्रीबुवांसारखं शुद्ध लिहीत. खुलाशाची वेळ आली की म्हणत, "तारीख कदी रिकामी नसती की. आपलंच ध्यान नसतं."

नुसतं लिहून ते थांबत नसत. एखाद्या शास्त्रज्ञाचा जन्मदिवस असला की खिशातून गूळ आणि भाजलेल्या शेंगा काढून आम्हा सगळ्यांच्या टेबलांवर मूठमूठ ठेवत. एखाद्या कवीची पुण्यतिथी असली की त्या दिवशी चहा बंद. एकदा अप्पांनी दाढी केलेली नाही हे बघून आमच्या वरिष्ठ कारकून भिड्यांनी चौकशी केली, तर अप्पा गंभीरपणे म्हणाले की कालपासून एका राजाचं राज्य गेलंय. ते राज्य जाऊन दीडशे वर्षं झाली होती, पण अप्पांना खबर जणू सकाळच्या टपालाने आली होती.

ही सगळी माहिती ते एका जाडजूड इंग्रजी कोशातून काढत. कुणी पाद्रीसाहेब सोलापूर सोडून जाताना तो त्यांना देऊन गेला होता. त्याचे पहिले दोन खंड दप्तरखान्यातल्या वाळवीने खाल्लेले. त्यामुळे ज्यांची आडनावं इंग्रजी ए, बी किंवा सीने सुरू होतात, अशी थोर माणसं अप्पांच्या लेखी जन्मलीच नव्हती. उरलेल्या खंडांतून आणि पुड्यांच्या रद्दी वर्तमानपत्रांतून तारखा वेचून त्यांनी एक वही केली होती. रद्द फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून केलेली, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान.

आमचा शिपाई हुसेनभाई याची आई वारली, तेव्हा अप्पा भर उन्हात कबरस्तानापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, "आजच्याच तारखेला एक मोठी राणी बी गेलती. तुजी आई एकटी न्हाई गेली." आम्ही ही गोष्ट आठवडाभर सांगून सांगून हसलो. हुसेनभाई मात्र हसला नाही. म्हणाला, "अप्पा दिवाना है, पन उस दिन दिल कू अच्छा लगा."

फळ्याची शेवटची ओळ कचेरीतल्या माणसांसाठी राखलेली असे. ज्याचा जन्मदिवस असेल त्याचं नाव राजेरजवाड्यांच्या खाली. यात एकच अडचण होती. आमच्यापैकी बहुतेकांची जन्मतारीख सर्व्हिस-बुकात एक जून होती. पूर्वी पोराला शाळेत घालताना बापाला तारीख ठाऊक नसे. मग मास्तर आपल्या सोयीने एक जून ठोकून देत. अप्पांना त्या तारखेचा भयंकर राग. म्हणत, "एका दिवसात एवढी माणसं जन्मली, तर सुईणींनी पानी कवा प्यायलं?" मग ते एकेकाच्या घरी जाऊन थोरल्या माणसांना विचारत. नागपंचमी झाली होती का, कुठल्या विहिरीचं पाणी आटलं होतं, घरात कुणाचं लग्न होतं. आणि जुन्या पंचांगांतून खरी तारीख हुडकून काढत.

माझीही तशीच काढली. माझ्या आईशी तासभर बोलले, तिच्या हातचं थालीपीठ खाल्लं आणि आठ-दहा दिवसांनी फळ्यावर एका रशियन सम्राटाच्या खाली लिहिलं, 'तसेच आपल्या कचेरीतील श्री. कुलकर्णी यांचा जन्म.' त्या दिवशी साऱ्या कचेरीने मला मुजरे केले. भिडे दर घटकेला येऊन "सम्राटांचा हुकूम?" असं विचारून जात. मी तेव्हा बावीस-तेवीसचा होतो, नोकरी कच्ची होती आणि अंगात खुमखुमी भरपूर होती. मला ते फार लागलं. अप्पांनी हे प्रेमाने केलं होतं, हे मला त्या वेळीही कळत होतं. पण भिड्यांच्या वाटेला जायची छाती नव्हती, म्हणून राग अप्पांवर काढायचं मी ठरवलं. वड्याचं तेल वांग्यावर, तसंच हे झालं.

अप्पांच्या वहीत एकच पान कोरं होतं. बाकी प्रत्येक दिवसाला काही ना काही सापडलं होतं. मार्चमधली ही एक तारीख मात्र हाती लागत नव्हती. त्या दिवशी ते फळ्यावर तारीख घालत आणि खाली एवढंच लिहीत, 'शोध चालू आहे.' त्या दिवशी त्यांचा चेहरा घरचं लग्न मोडल्यासारखा असे. बावीस वर्षं हा शोध चालू होता.

भिडे आणि मी डोकी एकत्र केली. कचेरीत सर्वांत जास्त लागते ती टाचणी, तेव्हा टाचणीचा जनक त्या दिवशी जन्मला असं ठरलं. नाव ठेवलं थॉमस बेंडलटन. ते बीने सुरू व्हायला हवं, ही अक्कल माझी. म्हणजे कोशात ताडून बघायची सोय नाही. मग मी दप्तरखान्यात गेलो आणि साळसूदपणे सांगितलं की पुण्याला मामांकडे एका मासिकात वाचलं. आईवेगळा लोहाराचा मुलगा, अंगात थंडीतही बटणं नसलेला कोट, तो आवरता आवरता टाचणी सुचली, असं बरंच काही रचून सांगितलं.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला बसायला स्टूल दिलं. त्या खोलीत कुणाला बसायला सांगितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. आई कधी गेली, बाप कसा होता. मी थापा मारत गेलो आणि ते मान हलवत ऐकत राहिले. तारखेला अजून तीन आठवडे होते. निघताना ते दारापर्यंत आले.

तो दिवस उजाडला. फळ्यावर रंगीत खडूने महिरप काढली होती. अप्पांनी प्रत्येकाच्या टेबलावर दोन-दोन पेढे ठेवले, हुसेनभाईकडून व्हरांड्यात सतरंजी अंथरून घेतली आणि तीन वाजता पाच मिनिटं सर्वांनी यावं, अशी विनंती करत टेबलाटेबलाशी फिरले. सगळे आले. भिड्यांनी आधीच साऱ्या कचेरीला सांगून ठेवलं होतं.

अप्पा उभे राहिले आणि टाचणीवर बोलले. खरं सांगायचं तर चांगलं बोलले. म्हणाले, लढाया जिंकणाऱ्यांची नावं रोज लिहितो. पण सुटे कागद एकत्र धरून ठेवणाऱ्याचं नाव आज पहिल्यांदा लिहिलं. एवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा, मग तिसरा. भिड्यांनी तोंडात धोतराचा सोगा कोंबला. हसण्याचा लोट इतका मोठा झाला की साहेब खोलीतून बाहेर आले.

आमचे साहेब मराठीच होते, नवे, कडक शिस्तीचे. त्यांनी फळा वाचला, आमच्याकडे पाहिलं, काय ते ओळखलं. त्यांनी अप्पांना विचारलं की ही माहिती कुणी दिली.

मी सतरंजीच्या कडेला, अप्पांपासून चार हातांवर बसलो होतो. अप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "माज्या वाचनात आलं, साहेब."

साहेब म्हणाले की सरकारी भिंत तमाशासाठी नाही, आणि फळा उद्यापासून दिसता कामा नये. एवढं बोलून ते आत गेले. मी सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसून राहिलो. लोक पांगले. अप्पांनी हुसेनभाईच्या मदतीने फळा खिळ्यावरून उतरवला आणि आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवला. माझे दोन्ही पेढे मी आधीच खाऊन टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात जोडले, तर अप्पांनीही नुसते हात जोडले. तारीख सांगितली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. इतर सगळ्यांसारखा तो साधा नमस्कार मला चपराकीसारखा लागला. भिडे म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. मला मात्र जेवण जाईना. शेवटी रविवारी दुपारी मी त्यांचं बिऱ्हाड शोधत गेलो.

एरवी मागांच्या खटखटाटाने भरलेल्या एका गल्लीत, एका पद्मशाली विणकराच्या घरामागे त्यांची एक खोली होती. अप्पा बनियनवर बसून शेंगा सोलत होते. मला बघून त्यांनी चटकन सदरा घातला. मी दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. बेंडलटन नव्हता, मासिक नव्हतं, सगळं मी रचलं. उद्या साहेबांना तसं सांगतो, म्हणजे ते फळा परत लावू देतील.

"मला ठावं होतं की," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, भिड्यांनी सांगितलं असेल. तसं नव्हतं. मी नाव सांगितलं त्याच्या पुढच्याच रविवारी ते हायस्कुलातल्या एका मास्तरांकडे चालत गेले होते. त्यांच्याकडे त्या कोशाचे सगळे खंड शाबूत होते. बीचा खंड त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला होता. बेंडलटन कुठेच नव्हता.

"मग फळ्यावर का लिहिलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. जणू चूक त्यांचीच होती.

अप्पा हातातल्या शेंगांकडे बघतच बोलले.

"बावीस वर्सं फळा लिवला, कुलकर्णी. वाचलं समद्यांनी. हसलं बी समदी. पर एक तारीख घिऊन माज्याकडं कुनी आलं न्हाई. तुमी पयलं. त्या स्टुलावर बसून तासभर बोलला माज्याशी. आता हे खोटं हाय म्हनून तुमास्नी परत दिलं असतं, तर तुमी पुना आला असता का?"

मी पुन्हा म्हणालो की साहेबांना सांगतो. त्यांनी मान हलवली.

"होगली बिडू. जाऊ दे. तुमची नोकरी कच्ची हाय. माजी तीन वर्सं ऱ्हायल्यात, कशीबी जातील."

ते असं म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मी एकदाही 'नाही, सांगतोच' म्हणालो नाही. त्यांनी सोललेले दाणे आणि गुळाचा खडा माझ्यापुढे केला, तोही मी खाल्ला. साहेबांना मी कधीच काही सांगितलं नाही, आणि फळा अप्पा निवृत्त होईपर्यंत भिंतीकडे तोंड करूनच होता.

निघताना अप्पा गल्लीच्या तोंडापर्यंत आले. रविवार असल्याने माग बंद होते, त्यामुळे ते हळू बोलले तरी मला नीट ऐकू आलं.

"येत जावा, कुलकर्णी. काय आनायला पायजे असं न्हाई. तसंच यायचं."

मी हो म्हणालो. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकाच कचेरीत होतो आणि रोज एकमेकांना हात जोडत होतो. त्यांच्याकडे जायला मला तोंड नव्हतं, म्हणून मी गेलो नाही. मी का येत नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला त्यांच्याकडून फक्त कागदच हवे असतात, असं समजून ते मला लागणारी दप्तरं मी मागायच्या आधीच काढून ठेवत आणि हुसेनभाईच्या हाती माझ्या टेबलावर पाठवून देत.