छातीवरचं जातं

मंडळी, खोटं सांगत न्हाई! छाती कशी कमवावी ह्या विषयावर मानवतच्या मोंढ्यात माझ्याइतकं कुनी बोललं नसंल. कमावली कुनी असंल, ती गोष्ट येगळी!

साल सत्तावन. मी भुजंग, वय बेचाळीस. मोंढ्यात कापसाच्या गाड्या खाली करून घ्यायचं माझं काम. म्हंजे वझं हमालांनी उचलायचं आन् मी नुसतं "हळू! हळू!" वरडायचं. त्यामुळं गळा तयार झाला, छाती मागं राह्यली. सदरा घातला की खुंटीला अडकवल्यावानी दिसायचा!

माझी बायको कोंडाबाई चुडाव्याची. तिचे दोन भाऊ मेंढरं राखनारे, छात्या अशा की गोदामाची दारं! महिन्याभरासाठी माहेरी निघाली तवा तिनं मला वरून खाली बघितलं.

"माझ्या दादाच्या छातीवर मेंढरू झोपतं. तुमच्या छातीवरनं मांजर बी घसरंल!"

आता ह्ये इज्जतीवर आलं! मी म्हनलो, "जा तू खुशाल. परत येशील तवा मी दारातनं आडवा निघंन!"

बाई पक्की. तिनं काळा दोरा काढला, माझ्या छातीभवती गुंडाळला, जुळंल तिथं गाठ मारली आन् दोरा आपल्या कनवटीला खोवला. "महिन्यानं ह्यो चार बोटं अपुरा पडला, तर जन्मभर तुमाला पंख्यानं वारा घालत जेवू घालीन. न्हाई पडला, तर पहाटंचं दळन वर्षभर तुमचं!"

"मंजूर!" मी म्हनलो. मला काय फिकीर!

फिकीर नसायचं कारन म्हंजे परभनीच्या एका वकिलाचा पोरगा. हैदराबादेहून शिकून आला होता, आन् त्येच्या खोलीत दोन लोखंडी चिजा मी बघून ठिवल्या होत्या. एक डंबेल: दोन हातात दोन सुटे, आखूड गोळे. दुसरं बारबेल: एकच लांब गज, दोन्ही टोकांना चाकं. बाकड्यावर उतानं झोपायचं आन् छातीवरनं वर ढकलायचं!

"छातीला बरं कोन्तं?" मी इचारलं.

"काका, डंबेलनं छाती जास्त ताणली जाते. बारबेलनं वजन जास्त उचललं जातं. पण एकटे असाल तर डंबेलच घ्या. दमलात तर बाजूला टाकता येतात. बारबेल करताना उशाशी माणूस पाहिजे."

पयलं आन् दुसरं वाक्य मी नीट ऐकलं. तिसऱ्याला चहा आला.

गावात येऊन तालमीच्या सटवाजी वस्तादाला सगळं सांगितलं. वस्ताद म्हनले, "भुज्या, डंबेल कर. तुज्या जिवाला सोसंल."

झालं! सोसंल म्हनलं की मला न सोसनारंच करावं वाटतं. "वस्ताद, डंबेल म्हंजे दोन हातात दोन तांबे घेऊन परसाकडं जायल्यागत दिसतं! करनार तर बारबेल!"

पन बारबेल आनायचं कुठनं? डोकं चालवलं! गज म्हनून घरची पहार घेतली. एका टोकाला आमच्या जात्याचा वरचा दगड, मधल्या भोकातनं बरूबर बसला. दुसऱ्या टोकाला? शेजारच्या कडूमावशीच्या परसात जुनं जातं पडून होतं. त्येचा वरचा दगड मी मावशी देवळात गेलेली बघून हळूच गडगडवत आनला. दोन्ही मिळून वजन झालं सव्वा मन!

वस्ताद बघाया आले. "सामान झकास हाय. पन तालमीचा कायदा! पूजा केल्याबिगर नव्या सामानाला हात लावायचा न्हाई." मग आमी दोन्ही दगडांना हळद-कुंकू लावलं, पिवळ्या दोऱ्यात सुपारी बांधली, आंब्याची पानं खोचली. नारळ फोडला. लय देखनं दिसायलं सामान!

तेवढ्यात कडूमावशी आपला दगड हुडकत माझ्या अंगनात! आन् बघते तर काय?

आता तुमाला मालूमच हाय. आमच्याकडं लगीन निघालं की पयल्यांदा जात्याला हळद लावून सुपारी बांधत्यात. बांधलेलं जातं दिसलं की बाई काय इचारनार?

"आरं भुजंगा! जातं बांधलंस! कुनाचं लगीन?"

खरं सांगायचं तर म्हनावं लागनार होतं, मावशी, तुमचा दगड मी चोरला. चोरी कबूल करन्यापरीस लगीन कबूल करनं मला सोपं वाटलं! मी मान खाली घालून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हनलो, "माझंच की, मावशी."

"कोंडाबाई हाय ना!"

"हाय की. पन कुनाला सांगू नका, गुपित हाय."

मावशीनं पदर तोंडाला लावला. माझ्या दगडाकडं, म्हंजे तिच्या दगडाकडं, तिचं ध्यान ऱ्हायलं न्हाई. मी दार लावून घेतलं आन् हसून हसून बाजेवर लोळलो!

सांजच्याला सगळ्या गल्लीत गुपित पोचलं. आन् दुसऱ्या दिवसापासनं काय सांगू! वारूळ फुटल्यावानी मानसं यायली. चार बायका सूप घेऊन हळद दळाया हजर. हलगीवाला दारात येऊन उगंच दोन ठोके टाकून गेला. आन् सगळ्यात कहर म्हंजे केळवनं! नवरदेवाला जेवाया बोलवाया घराघरात चढाओढ! तोंडावर शिव्या द्यायचे आन् पानात पुरनपोळी वाढायचे.

"लाज वाटती का रं?" असं म्हनत गल्लीतल्या बायनाबाईनं तूप वाढलं.

"वाटती ना," मी म्हनलो, "अजून एक वाढा."

खरं सांगून टाकायचं रोज ठरवायचो. पन रोज नवं आवतन! आज सांगितलं तर उद्याची पोळी बुडनार. पाच दिवसात नऊ घरची केळवनं झाली. बारबेल मातर एकदाच झालं. वस्ताद उशाशी उभे, मी एकदा ढकललं, आन् दोघं बी घामानं भिजलो. वस्ताद जास्त भिजले!

सहाव्या दिवशी दुपारी बायनाबाईकडचं तिसरं केळवन हानून घरी आलो. वस्ताद सोनपेठच्या बाजाराला गेलेले. मनात आलं, एकट्यानं करून बघावं! बाकड्याच्या उशाकडं दोन बाजूला सरकीची पोती रचली, त्यावर पहार ठिवली. खाली सरकलो. उचलली! वर गेली! आहाहा! दारातनं आडवा निघायलोय असं डोळ्यापुढं दिसलं!

मग खाली आली.

आन् खालीच ऱ्हायली! सव्वा मन छातीवर, चार पोळ्या पोटात. ढकलावं तर हलंना. वरडावं तर श्वास न्हाई. मोंढा गाजवनारा गळा, आन् आवाज निघायलाय तो कोंबडीच्या पिलाचा!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पुढं कोंडाबाई, मागं तिचा थोरला भाऊ दत्तराव आन् धाकटा मल्हारी, हातात काठ्या, सगळ्यात मागं कडूमावशी. मावशीची लेक चुडाव्यालाच दिलेली. मावशी सोता गाडीनं जाऊन गुपित पोचवून आली होती!

कोंडाबाईनं आधी हळदीचे दगड बघितले. डोळे भरले तिचे. मंडळी, तवा मला पयल्यांदा कळलं, आपली मस्करी कुठं जाऊन बसली ते.

"लगीन करायलाव म्हनं तुमी?"

न्हाई म्हनायला तोंड उघडलं. "हं... हं..."

"हो म्हंतोय बघ!" मल्हारी वरडला.

"दाजी, सरकारनं कायदा केलाय!" दत्तरावनं काठी आपटली. "पयली असताना दुसरी करता येत न्हाई!"

पहार उचलायला दोघं लागत्यात, एक हिकडनं, एक तिकडनं, असं सांगायला मी दोन बोटं वर केली.

"दोन! आरारारा! दोघी करायलाय ह्यो!"

मल्हारीनं काठी उगारली. पन कोंडाबाई जवळ आली. "थांब रं! ह्येंचं तोंड वांग्यावानी झालंय!"

तिनं पदर खोचला, पहारीला हात घातला, आन् चुलीवरचं पातेलं उतरावं तसं ते सगळं धूड एकटीनं उचलून भुईवर ठिवलं! पंचवीस वर्सं रोज पहाटं जातं ओढनारी बाई ती. भावांच्या छात्या बघता बघता मी तिचे दंड कधी बघितलेच न्हाईत!

श्वास आला तसं सगळं बकलो. डंबेल, बारबेल, पूजा, मस्करी, सगळं.

"म्हंजे नवरीच न्हाई?" मल्हारीनं नाराज होऊन काठी खाली घेतली.

"आरं मेल्या!" कडूमावशी दगडाला मिठी मारत किंचाळली. "ह्यो तर माझ्या जात्याचा! फुकटचं गाडीभाडं घालवलंस माझं!"

कोंडाबाई हसली न्हाई, रागावली बी न्हाई. तिनं शांतपनं कनवटीचा काळा दोरा काढला आन् दत्तरावच्या हातात दिला. त्येनं माझ्या छातीभवती गुंडाळला. दोरा एक बोट जास्तच झाला! चेपली होती ना छाती! मग त्यो द्वाड मानूस दोरा सरकवत सरकवत पोटावर घेऊन गेला.

"ताई, चार बोटं अपुरा पडला की गं!"

"वाढलंय तर खरं," कोंडाबाई म्हनली, "जागा चुकली."

आन् मावशीनं तिथल्या तिथं निवाडा केला: ज्या ज्या घरचं केळवन खाल्लं, त्या त्या घरचं दळन भुजंगानं करायचं. नऊ घरं, वरनं आमचं दहावं!

आता तालमीत नवी पोरं मला इचारत्यात, "भुजंगकाका, छातीला डंबेल बरं का बारबेल?" मी इकडंतिकडं बघतो आन् हळूच इचारतो, "लेका, बायको घरी हाय का? असली तर बारबेल कर. माहेरी गेली असली तर डंबेल!"

बरं, निघतो आता. बायनाबाईची ज्वारी आलीया. तीन केळवनं खाल्ली होती तिच्याकडं, दळन बी तीन घरांचं धाडती!